पाचव्या फेऱ्याला गार पाणी

रविवारी सकाळी तारली नावाच्या रोबोटने मालवणपासून चाळीस किलोमीटरवर समुद्रात बुडी मारली. छत्तीस मीटर खोलीवर तिने पाण्याचं तापमान मोजलं, ते भरलं अठ्ठावीस अंश. आणखी चार मीटर खाली गेल्यावर ते भरलं साडेबावीस.

घराच्या एका मजल्यापेक्षा थोड्या जास्त अंतरात समुद्र साडेपाच अंशांनी गार कसा होईल?

मालवणच्या समुद्र-संशोधन केंद्रातल्या संगणकाला हे पटलं नाही. त्याने तो आकडा खोडला आणि शेरा मारला, सेन्सर (तापमान टिपणारा भाग) बिघडला आहे. सोमवारी तेच झालं. मंगळवारीही. शनिवारपर्यंत सात बुड्या झाल्या, सातही वेळा आकडा खोडला गेला, आणि केंद्रप्रमुख डॉ. नगरकरांनी निर्णय दिला की रविवारी केंद्रात कार्यक्रम, म्हणून बुडी नाही; येत्या सोमवारची बुडी शेवटची, मग तारलीचे भाग सुटे करायचे.

केतकी रेडकरला हे शनिवारी संध्याकाळी कळलं, तेव्हा तिच्या खांद्यावर व्हायोलिन होतं. वय बारा. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या सागर-सप्ताहाच्या समारोपात ती एकटी वाजवणार होती, आणि तिची धून तारलीच्या आकड्यांवरून बांधलेली होती. नियम सोपा होता. चार मीटर खाली म्हणजे गजाचा (व्हायोलिनवर फिरवायच्या काठीचा) एक फेरा. पाणी अर्धा अंश गार झालं की सूर बारा सुरांच्या शिडीवर एक पायरी खाली. अठ्ठावीस अंश म्हणजे वरचा सा.

याच केंद्रात समुद्रशास्त्रज्ञ असलेली सुलूआत्या तिथल्या तालमीला बसली होती. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "छान आहे गं. पण गार पाणी कुठे गेलं?"

केतकीने गज खाली घेतला. तिने धून भूप रागात बसवली होती, आणि आकड्यांप्रमाणे सूर अकरा पायऱ्या खाली, थेट कोमल रेवर पडत होता. भूपात कोमल रे चालत नाही. चार वर्षं गुरुजींनी हेच घोटून घेतलं होतं. म्हणून तिने तो सूर गाळून सा, ध, प, ग, रे अशी गुळगुळीत मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) घेतली होती.

"म्हणजे तू आणि तो संगणक एकाच गुरूचे शिष्य," आत्या म्हणाली. "न पटणारा सूर दिसला की खोडा."

सकाळची बुडी संपवून केंद्रात परतलेली तारली कोपऱ्यातल्या टेबलावरून बोलली, "मला कुणी विचारलं नाही, पण मी बेसूर नाही."

मग आत्याने बादली मागवली. अर्धी बादली गार पाणी, आणि वर ताटलीवरून अलगद ओतलेलं कढत पाणी. केतकीने हात घातला. कोपराला चटका बसला, मनगट कोमट झालं, बोटं मात्र चक्क गार पडली. आत्याने समजावलं की ऊन समुद्राचा वरचा थर तापवतं आणि वारा तो ढवळतो, म्हणून तिथे तापमान जवळपास सारखं राहतं. खाली ऊनही पोचत नाही आणि ढवळणंही. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. दोघांच्या मधल्या पायरीला थर्मोक्लाइन (तापमान झपाट्याने उतरतं तो थर) म्हणतात.

"मग ही पायरी खरी की सेन्सर बिघडलाय?" केतकीने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. बिघडलेला सेन्सर कसा चुकेल, ते तू ठरव."

केतकीने सातही बुड्या जशाच्या तशा वाजवल्या, एकही सूर न सुधारता. कितव्या फेऱ्याला सूर कोसळतो ते वहीत लिहिलं. दहा, नऊ, नऊ, आठ, सात, सात, सहा. ती आकड्यांकडे पाहत राहिली. बिघाड असता तर कधी चार, कधी बारा आलं असतं. हे आकडे तर पायऱ्या चढत होते! तिने खाली पेन्सिलीने लिहिलं, "५?"

रविवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत डॉ. नगरकर, तिसऱ्या रांगेत मच्छीमार बाबल तांडेल. केतकीने नियम दोन वाक्यांत सांगितला आणि गज टेकवला.

सा, सा, सा. नऊ फेरे एकच सूर, आणि दहाव्याला तो कडा कोसळावा तसा खाली आला. काहींनी माना हलवल्या, पोरीचं चुकलं. दुसरी बुडी, नवव्याला. तिसरी, पुन्हा नवव्याला. पाचव्या बुडीला मागची मुलं बोटांवर मोजू लागली. सातव्या बुडीला अख्खं सभागृह मोजत होतं, आणि सहाव्या फेऱ्याला सूर पडला तेव्हा केतकीने गज उचलला.

टाळ्यांच्या आधी बाबल तांडेल उठले. "बाय माझ्या, थंड पाणी वर येता हा. चार दिवस झाले, जाळा ओढताना हात गार पडतत."

डॉ. नगरकर वळल्या. त्यांनी तांडेलांना दोनदा विचारलं, कुठे आणि कधीपासून. मग त्या म्हणाल्या की गाणं आणि हात हे पुरावे नव्हेत, उद्या मोजून पाहू.

सोमवारी तांडेलांच्या होडीतून, तारली बुडी मारत होती तिथेच, डॉ. नगरकरांनी स्वतः वीस मीटरवर बाटली सोडली. त्या खोलीवर पाणी भरलं की तिचं झाकण तिथेच बंद व्हायचं. वर आलेल्या पाण्यात साधा काचेचा तापमापक बुडवला. सगळे वाकून पाहत होते.

साडेबावीस.

त्याच क्षणी तारली पाण्यावर आली आणि तिनेही तोच आकडा सांगितला, सोळा मीटरवर मात्र अठ्ठावीसच. वीस मीटर म्हणजे पाचवा फेरा.

आत्याने सांगितलं की वारे आणि प्रवाह किनाऱ्याजवळचं वरचं पाणी दूर ढकलतात, त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी चढतं. त्यात खतासारखी द्रव्यं असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे. पण या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते कुठवर चढतं हे आधी कळलं, तर कुठे मासळी जमेल आणि कुठून पळेल याचा अंदाज बांधता येईल.

डॉ. नगरकरांनी होडीतच आदेश लिहिला. तारली कामावर राहील, आणि खोडलेले सातही आकडे परत नोंदवले जातील.

"आता तरी मला कुणी विचारणार का?" तारली म्हणाली.

"उद्या किती?" केतकीने विचारलं. वही गुडघ्यावर ठेवून तिने पाचपुढचं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं, आणि खालच्या ओळीत नवं काढलं.