एक शंका आहे

साबुदाणा वड्यांची शेवटची प्लेट पद्मजाच्या हातात पडली आणि कँटीनच्या रांगेत तिच्या मागे कुणीतरी हळहळलं. तिने वळून पाहिलं, तर निळ्या शर्टातला एक उंच मुलगा ओशाळून हसत होता.

"घ्या एक," ती म्हणाली.

"थँक्यू. सकाळपासून उपाशी आहे हो. त्या पद्मजा बेहेरे मॅडमनी माझी फाइल तिसऱ्यांदा परत पाठवली. रिटायरमेंटला आल्या असतील, नाही? तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"रोज आरशात पाहते."

वडा त्याच्या घशातच अडकला.

बाणेरच्या त्या ऑफिसात बसून ही मंडळी अमेरिकेतल्या लोकांची करविवरणपत्रं भरायची. हा निळ्या शर्टातला सुदर्शन ती तयार करायचा, वरच्या मजल्यावरची पद्मजा तपासायची. 'एक शंका आहे' असं लिहिल्याशिवाय तिने आजवर एकही फाइल सोडली नव्हती. सदाशिव पेठेतली होती, त्याला इलाज नव्हता.

"पण माझं चुकलं काय?" पाणी पिऊन त्याने विचारलं. "त्या फाइलमधला मेकॅनिक लष्करी तळावर काम करतो. तळ ज्या राज्यात, कर त्या राज्याचा."

"एरवी खपलं असतं. पण हा तळ दोन राज्यांच्या सीमेवर पसरलाय. तिथल्या पगारावर कर फक्त घरच्या राज्याचा."

"आणि घर कुठलं, ते कसं ठरवायचं?"

"माणसाला जिथे परत जायचं असतं, ते घर."

बोलता बोलता तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता... आणि तिला उगाचच चटणी हवीशी वाटली.

पुढे त्याच्या फाइली सुधारल्या, तिच्या शंका मात्र वाढल्या. त्या विचारायला ती जिना उतरून खाली येऊ लागली.

"मॅडम, मेल केली असती तरी चाललं असतं," तो म्हणायचा.

"तुम्हाला लिहिलेलं कळत नाही ना, म्हणून येते."

एप्रिल सरता सरता कंपनीने नागपुरात ऑफिस काढलं आणि सुदर्शनला तिथे बोलावणं आलं. तो मूळचा अमरावतीचा, इथे वारज्यात मित्रांबरोबर राहणारा. आईजवळ जायची आयतीच सोय झाली होती. अख्ख्या अमेरिकेची घरं ठरवणारी पद्मजा, पण 'जाऊ नका' एवढं काही तिला म्हणता येईना. उलट "जा की, छानच आहे," असं बोलून बसली. पुणेरी जीभ ऐन वेळी दगा देते ती अशी.

तो विचार करायला म्हणून चार दिवस गावी गेला. परत आला त्या संध्याकाळी तिच्या स्कूटरपाशी डबा घेऊन उभा होता.

"आईने सांबारवडी दिलीय. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

"आणि... नागपूरचं?" हेल्मेटचा पट्टा तिला काही केल्या सापडेना.

"बसमध्ये चढताना आईला म्हटलं, घरी पोचलो की फोन करतो. ती म्हणाली, 'घरी? मंग आता निघाला कुठून तू?' आणि लगेच म्हणाली, 'काहून रे, कोण आहे तिथं?'"

"मग?"

"तुमचं नाव सांगितलं." त्याचा आवाज खाली आला. "नागपूरला नाही म्हणून कळवलंय. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा... मी पुन्हा विषय काढणार नाही."

पद्मजाचे डोळे भरून आले. चार दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता, तो एवढंच ऐकायला. पण सहजासहजी फाइल सोडेल तर ती पद्मजा कसली.

"एक शंका आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "विचारा."

"आईंना भेटायला मला कधी नेतोस?"