सहावा खड्डा

सोमवारी दुपारी डबा संपवून ती संग्रहालयाच्या तळघरात परतली, दार ढकललं, आणि तिला ऐकू आलं... अंधारात कुणीतरी चंद्रावरून हात फिरवत होतं. कोरड्या प्लास्टरवर बोटांची हलकी सुळसुळ.

"क-कोण आहे?"

"तपासनीस," आवाज आला. तरुण, आणि जरासा हसरा. "घाबरलात?"

"मी कशाला घाबरू? पण माणसानं दिवा तरी लावावा!"

"लावला असता हो... पण मला पौर्णिमा काय आणि अमावास्या काय, सारखीच."

तिनं जीभ चावली. दृष्टी नसलेल्या मुलांना हातानं चाचपून चंद्र कळावा म्हणून विज्ञान संग्रहालय हे मॉडेल करून घेत होतं, आणि ते तपासायला बोटांनी वाचणारा माणूस येणार हे तिला आधीच सांगितलेलं होतं. तिनं दिवा लावला. मॉडेल चंद्राच्या दक्षिणेकडल्या एका विवराचं होतं. खरं विवर सव्वादोनशे किलोमीटर रुंद, माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या कितीतरी आधी एका धडकेत पडलेलं. त्याच्या तळाशी कमानीत पाच लहान खड्डे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.

"पाच भाऊ सापडले," तपासनीस म्हणाला. "पण धाकट्याच्या शेजारी हा सहावा पाहुणा कोण? नकाशात नाही."

"असणारच नाही! ओतकाम मी स्वतः केलंय."

पण तिनं दिवा तिरका केला आणि सावलीत तो दिसला. अंगठ्याएवढा. साचा तिच्या बाबांनी केला होता, आणि साचा पुरा झाल्यावर पंधरा दिवसांत बाबा वारले होते; ओतकाम त्यानंतरचं. प्लास्टर आवळून घट्ट झालं की नाही ते बाबा नेहमी अंगठा दाबूनच बघत. तिनं धावत जाऊन साचा पाहिला. खड्डा पडायला त्या जागी उंचवटा हवा होता, पण तिथे काहीच नव्हतं, साचा गुळगुळीत होता.

"बाबा..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"शुक्रवारपर्यंत भरून टाका," तो हळूच म्हणाला. "मी रोज याच वेळेला येईन."

मंगळवारी तिनं खड्डा भरला, वाळेपर्यंत डबा खाऊन येते म्हणून वर गेली. परतली तर तो मॉडेलपाशी उभा, आणि खड्डा पुन्हा तिथेच! बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. निरखून पाहायची तिची छाती होईना. तोंड फिरवून ती घाईघाईनं थापी फिरवी. पहारेकरी काकांनी तर तळघरात पाऊल टाकणंच सोडलं. "तुझ्या बापाचा जीव अडकलाय गं त्या चंद्रात," ते दारातूनच म्हणाले, तपासनीसाच्याही कानावर पडेल असं.

भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे तिला दुपारची ओढ लागली होती. बाबा गेल्यापासून त्या तळघरात तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं. आता एकजण रोज विचारायचा, "आज आवाज बसलाय... रडलात की काय?" आणि ती म्हणायची, "तुमचं तपासायचं काम मॉडेलपुरतंच आहे ना?" त्यावर तो असा काही हसायचा, की तिच्या हातून थापी निसटायची. उद्या मॉडेल पास झालं की हे सगळं संपणार होतं.

शुक्रवारी तिनं खड्डा भरला, दिवा विझवला, आणि वर गेलीच नाही. कोपऱ्यातल्या गोण्यांवर श्वास रोखून बसली. गार हवेला ओल्या चुन्यासारखा वास येत होता. बाबा असले तर? काय बोलायचं त्यांच्याशी?

दार करकरलं. ओळखीची पावलं आली. बोटं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सरकली, थबकली... आणि अंगठा ओल्या भरणात रुतला.

"तुम्ही!" ती किंचाळलीच.

तो दचकला. मग मान खाली घालून म्हणाला, "मंगळवारी चुकून झालं. भरण ओलं असेल हे ध्यानात आलं नाही. पण तुमचे बाबा तुम्हाला भेटायला आलेत असं तुम्हाला वाटत होतं... ते कसं मोडू? आणि बुधवारपासून मुद्दाम. मॉडेल पास झालं की माझं इथे येणं संपतं. मला ते संपायला नको आहे."

"बाबा समजून मी चार दिवस जीव मुठीत धरून..." तिचे डोळे भरून आले. राग आला होता, फार आला होता, आणि तरी तो जाऊ नये असंच वाटत होतं. "म्हणजे सगळे खड्डे तुमचेच."

"सोमवारचा सोडून," तो गोंधळून म्हणाला. "सोमवारी मी पहिल्यांदाच आलो. खड्डा आधीपासून होता. आत एक तिरकी रेघ होती, जखमेच्या वणासारखी."

ती गारठली. बाबांच्या अंगठ्यावर पत्रा लागून तिरका वण पडला होता. हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तिनं दिवा लावला, तिरका केला. त्यानं आत्ता, तिच्यासमोर दाबलेला ओला खड्डा... आणि त्यात आरपार एक तिरकी रेघ.

तिनं त्याचा अंगठा हातात घेऊन, भरण पुसून उजेडात धरला. साफ, गुळगुळीत. कुठेही वण नाही.

हात तिनं सोडला नाही.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"बाबांना तू पसंत आहेस, असं दिसतंय," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"आणि तुला?"

"आधी शेरा लिही. मग सांगते."

त्यानं ब्रेलची पाटी काढली, कागदावर टोचत गेला. टक्, टक्, टक्. मग कागद उलटा करून तिचं बोट त्या बारीक उंचवट्यांवर टेकवलं आणि आपल्या हातानं हळूहळू पुढे नेलं.

"मला कुठे वाचता येतं हे..." ती कुजबुजली.

"शिकवीन. रोज दुपारी. इथे लिहिलंय — मॉडेल पास. एक खड्डा जास्त आहे, राहू द्यावा."