येणारा पट्टा

हॉरेस मॉट्रमला माती देऊन सात आठवडे झाले, तेव्हा एका सकाळी एड्विन थ्रिप आपली जुनी व्हॅन घेऊन त्याच्या घरी गेला. काम साधंच होतं. हॉरेसच्या शेडमधलं शेवटचं यंत्र उचलून आणायचं.

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या हॅडर्बी गावात या दोघांच्या नादाबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. लोक म्हातारपणी मासे पकडतात, पत्ते कुटतात. हे दोघे लोकांच्या गोठ्यांत गंजत पडलेली लॉन कापायची जुनी यंत्रं शोधून आणायचे, नटबोल्ट सुटे करून रॉकेलमध्ये बुडवायचे आणि पुन्हा चालती करायचे. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. त्यांचा एक अलिखित नियम होता. जो आधी जाईल त्याचं अर्धवट यंत्र दुसऱ्यानं पुरं करायचं, जुलैच्या गावजत्रेत सगळ्यांसमोर सुरू करायचं आणि समोरच्या पाटीवर गेलेल्याचं नाव लिहायचं.

"शेवटच्या दिवसांत सारखं तेच म्हणत होता," हॉरेसची बायको हिल्डा शेडचं कुलूप काढत म्हणाली. "मागच्या खणातलं एड्विनला दे. त्यालाच दे, दुसऱ्या कुणाला नको."

"मागे खण आहे? मला कधी बोलला नाही."

"माणूस सगळंच कुठे बोलतो, बाबा."

फळ्यांच्या आडोशामागे, पोत्यांखाली ते उभं होतं. बिडाचं अंग, पुढे पाती, मागे जड रोलर, लांब दांडा, सगळं लालभडक रंगवलेलं. पोती उचलताना एड्विनला साबणाचा वास आला. शेडमधल्या पोत्यांना तेलाचा आणि उंदरांचा वास असतो, साबणाचा नसतो. पण हिल्डानं चहा टाकला होता, आणि ती गोष्ट त्याच्या मनातून निघून गेली.

एड्विन अजून बापाच्याच घरात राहत होता. लग्न केलं नाही. दर रविवारी हिल्डाकडे जेवायला जायचं, तिच्या हातचं भाजलेलं मटण आणि बटाटे खायचे आणि हॉरेसशी कार्बोरेटरवरून भांडायचं, एवढाच त्याचा गोतावळा. आता भांडायला हॉरेस नव्हता, पण रविवारचं ताट हिल्डानं चुकवलं नव्हतं.

यंत्र त्यानं परसातल्या शेडमध्ये घेतलं आणि रंग खरवडायला बसला. या कामातली माणसं नवा रंग देण्याआधी अगदी तळचा थर शोधतात, कारण यंत्राचा जन्माचा रंग तोच. लालखाली करडा निघाला. करड्याखाली गडद हिरवा. डाव्या बाजूच्या बिडाच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला हिरवाही थोडा खरवडला गेला तशी त्याला एक पितळी रेघ दिसली. बीड तिथे कधीतरी तडकलं होतं आणि कुणीतरी पितळेनं झाळून जोडलं होतं. रेघेखाली खिळ्यानं ओरखडलेली दोन अक्षरं होती.

एड्विनच्या हातातली खरवडायची पट्टी खाली पडली.

ती अक्षरं त्यानं स्वतः पाहिली होती, कोरली जात असताना. तो बारा वर्षांचा, थोरला भाऊ लेस्ली पंधराचा. लेस्लीच्या हातून बापाचं यंत्र पायऱ्यांवर आपटलं आणि पत्रा तडकला. बाप मोठ्या हवेलीचा मुख्य माळी होता आणि निवृत्त होताना मालकानं दिलेलं ते यंत्र त्याला पोरांपेक्षा प्यारं होतं. दोघा भावांनी लोहाराच्या हातापाया पडून ते झाळून घेतलं, वरून रंग फासला, आणि त्याआधी लेस्लीनं दोघांच्या नावांची आद्याक्षरं तिथे कोरली. "म्हणजे मार पडला तर दोघांना सारखा," तो हसत म्हणाला होता. बापाला शेवटपर्यंत कळलं नाही. जगात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती.

पुढे दहा वर्षांनी ते यंत्र शेडमधून नाहीसं झालं. आणि शेजारचा हॉरेस, तेव्हा चोवीस वर्षांचा तरणाबांड हॉरेस, बापासमोर मान खाली घालून म्हणाला, "सांगायला जीभ रेटत नाही, मिस्टर थ्रिप... पण तिन्हीसांजेला लेस्लीला काहीतरी ढकलत नेताना पाहिलं मी."

लेस्ली रडला, ओरडला, त्यानं शपथा घेतल्या. बापानं त्याला घराबाहेर काढलं. तो ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच. तिकडून चार पत्रं आली. बापानं उघडू दिली नाहीत आणि बाप गेल्यावर एड्विननंही उघडली नाहीत. वरच्या मागच्या खोलीत, लेस्लीच्या टेबलाच्या खणात ती तशीच बंद पडली होती. बारा वर्षांमागे तो तिकडेच वारल्याचं कळलं. आणि या सगळ्या काळात हॉरेस एड्विनबरोबर प्रत्येक जत्रेत, प्रत्येक लिलावात हरवलेलं यंत्र शोधत हिंडला होता! "सापडेल रे, धीर सोडू नकोस," म्हणत त्याच्या पाठीवर हात ठेवत होता.

एड्विन उठला. चोरीचा राग नंतर आला. आधी आठवला तो पाठीवरचा हात.

तसाच, रंगानं माखलेल्या हातांनी तो हिल्डाच्या दारात उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

हिल्डानं त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला टॉवेल हळूच खुर्चीवर ठेवला. "आत ये."

"माहीत होतं की नाही, एवढंच सांग."

"दर वर्षी थंडी सरली की पोती मीच धुवायचे," ती म्हणाली. "वेडा झाला होता तो त्या यंत्रापायी. घेऊन तर आला, आणि मग ना चालवता येई, ना विकता. नुसता जाऊन बघत बसायचा. मी म्हटलं, परत दे. तर म्हणाला, आता तोंड कसं दाखवू..."

"आणि लेस्ली?"

"लेस्ली गेला, एड्विन. हॉरेसही गेला. आता बोलून कुणाचं भलं होणार आहे?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "मला मात्र याच गावात राहायचंय. पाटीवर त्याचंच नाव राहू दे. इतकंच मागते. पुढच्या रविवारी येशील ना?"

त्या दिवशीही रविवारच होता. ताट वाढलेलं होतं, आणि दुसरं कुठलं घर त्याच्यासाठी ताट वाढत नव्हतं. तो बसला आणि जेवला. त्या क्षणी आपण काय गिळतोय हे त्याला पुरतं कळत होतं.

पुढच्या पाच आठवड्यांत त्यानं यंत्र पुरं केलं. झाळ आणि अक्षरांवर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. पाती घासली, बेअरिंग बदलली, प्लग नवा घातला. दोरीच्या पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. खोल, संथ, बापाच्या वेळचाच आवाज. एड्विननं फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लॉनवर पहिला पट्टा कापायला घेतला.

अर्ध्या वाटेवर यंत्र डावीकडे वळलं.

त्यानं दांडा घट्ट धरला, तरी ते वळलं. दोन हात बाजूला जाऊन गोल फिरलं आणि पुन्हा सरळ रेषेत आलं. रोलर एका बाजूनं झिजला असेल म्हणून त्यानं तो उघडला. रोलर ठीक होता. पुन्हा चालवलं, पुन्हा तिथेच वळलं. बेअरिंग खराब असलं तर यंत्र सतत एका बाजूला ओढतं. एकाच जागी वळून परत रेषेवर येत नाही. चाळीस वर्षांत असा दोष त्यानं पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा वळलं तेव्हा त्याच्या कानात बापाचं ओरडणं घुमलं. "लेस्ली! सरळ चालव! पट्टा आहे की साप?"

तिथे टेस पुरली होती. लेस्लीची कुत्री. तिच्यावरून यंत्र न्यायला तो कधी तयार झाला नाही. मार खायचा, पण वळसा घालायचा. खूण म्हणून ठेवलेला दगड केव्हाच गेला होता, जमीन सपाट झाली होती, ती जागा एड्विन स्वतः विसरला होता. यंत्र विसरलं नव्हतं.

त्यानं इंजिन बंद केलं. ऊन चांगलं होतं, शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता, आणि तरीही त्याला दांड्यावरचे हात काढून घ्यावेसे वाटले. दांड्याची मूठ गरम होती. त्यानं धरली होती तिथेच नव्हे, जराशी वरही. त्याच्यापेक्षा उंच माणूस जिथे धरील तिथे.

जत्रेत यंत्र शोभून दिसलं. समोर पाटी होती, "शोध आणि दुरुस्ती : कै. हॉरेस मॉट्रम". हिल्डा निळी टोपी घालून बाजूला उभी होती. बार्नी स्टब्ज, गावचा पबवाला, हातात बिअरचा ग्लास घेऊन आला आणि यंत्राभोवती फिरला.

"काय रे एड्विन, हे तर तुझ्या बापाच्या यंत्रासारखंच दिसतंय! तुझ्या भावानं फुंकून टाकलं ते!"

आजूबाजूची चार माणसं हसली. हिल्डा हसली नाही. ती एड्विनकडे बघत होती.

बोलायचं होतं ते याच क्षणी. एवढं सोपं होतं, एक वाक्य. पत्र्यावरचा रंग खरवडून दाखवला असता तरी पुरलं असतं. एड्विननं तोंड उघडलं.

"सगळी सारखीच दिसतात रे," तो म्हणाला. "आणि लेस्लीनं उडवलं ते कधीच भंगारात गेलं असणार."

आणि तो हसला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखा. हिल्डानं सुटकेचा श्वास सोडला. तिनं पुढे येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि एड्विनच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दोरीचा फटका मारला तेव्हा इंजिन सुरू झालं नाही. दहादा मारूनही नाही. पहिल्या बक्षिसाची फीत तरीही त्यालाच मिळाली.

घरी आल्यावर त्यानं टाकीतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढलं, यंत्र शेडमध्ये ढकललं, कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवून झोपला.

रविवारी सकाळी सातला उठून तो चहासाठी खाली आला. अनवाणीच होता. जिन्यावर त्याच्या तळव्यांना काहीतरी ओलं चिकटलं. खाली येऊन पाहिलं तर कापलेलं गवत. कालच्या बुटांचं असेल, असं त्यानं मनाला बजावलं. पण बूट तर तो दाराबाहेर काढतो, बापाच्या काळापासून.

त्यानं स्वयंपाकघराचं दार उघडलं. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास भपकन आत आला.

लॉनवर एक पट्टा होता. फाटकापासून निघालेला, थेट त्याच्या पायाशी आलेला. मधोमध दोन हातांचा सुबक वळसा.

ज्यानं आयुष्यभर लॉन कापली आहे त्याला पट्टे वाचता येतात. यंत्र आपल्यापासून दूर गेलं की गवत तिकडे झुकतं आणि पट्टा फिका दिसतो. आपल्याकडे आलं की पट्टा गडद दिसतो. म्हणून चांगल्या लॉनवर फिका, गडद, फिका, गडद अशी ओळ असते. जाणारा, येणारा, जाणारा, येणारा.

हा पट्टा गडद होता. आणि एकच होता. एड्विननं डोळे चोळून शोधलं, शेजारी फिका पट्टा कुठेच नव्हता.

शेडचं कुलूप लावलेलंच होतं. उठताना खिशात टाकलेल्या किल्लीनं त्यानं ते काढलं. यंत्र काल ठेवलं तिथेच उभं होतं, टाकी कोरडी ठणठणीत, रोलर मात्र दवानं ओला. डाव्या पत्र्यावरचा नवा हिरवा रंग पोपडा धरून गळून पडला होता. पितळी रेघ आणि दोन अक्षरं उघडी होती.

तो धावतच घरात शिरला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आता त्यानं जिना नीट पाहिला. प्रत्येक पायरीवर चिमूटभर ओलं गवत होतं. खालून वर गेलेलं, त्याच्या झोपायच्या खोलीच्या दारावरून पुढे, मागच्या खोलीपर्यंत. परत फिरल्याची खूण नव्हती.

"लेस्ली..." तो उलट पावलांनी जिना उतरत म्हणाला. "मी सांगणार होतो रे... आज सांगतो. बार्नीला सांगतो, सगळ्यांना सांगतो..."

वर सगळं शांत होतं. मग मागच्या खोलीतून खण ओढल्याचा आवाज आला. तो खण नेहमी अडकायचा. आताही अडकला, आणि मग खालून जरा उचलून ओढल्यासारखा मोकळा झाला. ती युक्ती त्या खोलीत राहिलेल्यालाच ठाऊक होती.

त्यापाठोपाठ कागद फाटला. सावकाश, कडेकडेनं, बोट घालून पाकीट उघडावं तसा. पुढे बराच वेळ काही नाही. एक पत्र वाचायला लागतो तेवढा वेळ.

मग दुसरं.

एड्विन खालच्या पायरीवर बसून राहिला. पाय उचलत नव्हते, वरही नाही आणि बाहेरही नाही. चर्चची घंटा वाजून थांबली. तिकडे हिल्डानं मटण भट्टीत घातलं असेल. तिसरं पाकीट फाटलं. हे मोठं असावं, पानं उलटल्याचा आवाज येत होता.

पत्रं चारच होती. चौथं फाटलं तेव्हा एड्विननं कठडा धरला आणि कान देऊन ऐकत राहिला. पानाची घडी उलगडली. मग शेवटी ते पान टेबलावर ठेवल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि खुर्ची मागे सरकली.

आता वर वाचायला काही उरलं नव्हतं.