टेकडीवरचा खोटा पाऊस

"आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि आमच्या टेकडीवर धो धो पाऊस पडतो," दारातून आत येत ती बाई म्हणाली. "त्याच्यापायी आज संध्याकाळी माझं केंद्र जाणार आहे."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते मेहुणीच्या कचेरीत मदतनीस म्हणून बसत. मेहुणीबाई खासगी तपासनीस होत्या. मदत नेमकी कोण कोणाला करतं, हा घरातला जुना थट्टेचा विषय होता.

"बसा, आणि पहिल्यापासून सांगा," मेहुणीबाई म्हणाल्या.

बाई नदीपलीकडच्या गावात माहिती केंद्र चालवत होती. एक संगणक, एक छपाईयंत्र आणि गावामागच्या टेकडीवर पाऊस मोजायचं यंत्र. टेकडीवर मोठा पाऊस झाला की थोड्याच वेळात नदी फुगायची. म्हणून यंत्रच गावातल्या प्रत्येक फोनवर बाईच्या आवाजात निरोप पाठवायचं, 'वर पाऊस आहे, होडी बंद करा.'

"आणि आता?"

"आता दर बाजाराच्या दिवशी सकाळी निरोप येतो. होडी थांबते, भाजी काठावर सुकते आणि नदीला पाणी येतच नाही. आजही तेच झालं, दुपारी होडी पुन्हा सुरू झाली तेव्हा कुठे मला इकडे येता आलं. लोक माझ्या नावाने खडे फोडतायत. संध्याकाळी मोठ्या कचेरीतले साहेब येणार आहेत. यंत्र काढून दुसऱ्या गावाला न्यायचं म्हणतायत." "उद्या खरंच पाणी आलं तर माझं ऐकेल कोण?"

मेहुणीबाई उठल्या. भाऊजींनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

केंद्र म्हणजे शाळेशेजारची एक खोली होती. बाईने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

"ही निळी म्हणजे पाऊस. बघा, कशी एकदम सरळ वर जाते! ढगफुटी झाल्यासारखी. आणि ही हिरवी म्हणजे यंत्राची बॅटरी. वर सौरपट्टी आहे, पण धुळीमुळे नीट चार्जच व्हायची नाही. एकदा तर घरी जेवताना मी त्याच्यावरून रडले होते. हल्ली तेवढी एक कटकट मिटलीय."

"कधीपासून?"

"हा खोटा पाऊस सुरू झाला, साधारण तेव्हापासूनच. एक दुखणं गेलं, दुसरं आलं!"

मेहुणीबाई हिरव्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. भाऊजी निळीकडे पाहत होते, कारण गुन्हा तिथे होता.

टेकडी चढताना भाऊजींच्या छातीचा भाता झाला. वर तारेचं कुंपण होतं, त्याच्या तारांवर धुळीचा थर होता. मधल्या खांबावर हात पोचेल अशा उंचीवर तोंड उघडं असलेलं एक नळकांडं होतं आणि शेजारी सौरपट्टी. खांबाच्या बुंध्याशी ताटाएवढी जागा ओलसर होती, बाकी सगळी जमीन ठणठणीत.

"कोणीतरी पाणी ओततंय!" भाऊजी ओरडले.

"वा! आता पट्टीत तोंड बघा."

भाऊजींनी पाहिलं. केस विस्कटले होते, ते नीट केले. एका खिळ्याला पिवळ्या फडक्याचा दोरा अडकला होता, तो मेहुणीबाईंनी काढून पाकिटात ठेवला.

खाली उतरल्यावर आधी होडीवाला भेटला. त्याच्या होडीत चिखल, पालापाचोळा आणि एक झोपलेलं कुत्रं होतं.

"होडी बंद म्हणजे आराम, नाही का?" मेहुणीबाईंनी विचारलं.

"कसला आराम! अख्खं गाव सकाळपासून माझ्याभोवती कोंडाळं करून उभं असतं. निरोप आला की शिव्या मलाच, बाई."

दुकानदाराने प्रश्न विचारण्याआधीच हात जोडले. "होय, होडी बंद झाली की लोक सामान माझ्याकडून घेतात. मला आनंद होतो, खोटं कशाला बोलू? पण बाजाराच्या सकाळी गल्ला सोडून टेकडी चढायला मी काय वेडा आहे? पोती, दोऱ्या, पिशव्या घ्यायला तेव्हाच तर झुंबड असते." भाऊजींनी फळीवर कोपर टेकवलं, तर बाही धुळीने पांढरी झाली.

शेवटी बाईचं घर. सासरे अंगणात होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. मिश्या अजून गाडी सुटायच्या वेळेसारख्या ताठ. त्यांनी खांद्यावरच्या पिवळ्या फडक्याने आधी खुर्ची पुसली, मग भाऊजींना बसू दिलं. भाऊजींनी मेहुणीला कोपराने ढोसलं.

"केंद्राबद्दल तुमचं मत काय?" मेहुणीबाईंनी विचारलं.

"मत जगजाहीर आहे. सुनेने घर सांभाळावं, हे मी उद्घाटनालाच सगळ्यांदेखत सांगितलंय."

"बाजाराच्या सकाळी तुम्ही कुठे असता?"

"घरी! सगळे काठावर जातात, मी एकटा घरी." मग जरा थांबून, खाली बघत त्यांनी विचारलं, "साहेब खरंच घेऊन जाणार का यंत्र?"

"बहुतेक."

त्यांचा चहा तसाच निवत राहिला.

संध्याकाळी केंद्रात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. साहेब, होडीवाला, दुकानदार, सासरे आणि दाराखिडक्यांतून डोकावणारं निम्मं गाव. भाऊजींना राहवलं नाही.

"गुन्हेगार हे!" त्यांनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "त्यांचं फडकं पिवळं, खिळ्याला सापडलेला दोराही पिवळा. होडीवाला आणि दुकानदार त्या वेळी गर्दीत असतात, घरी एकटे हेच. आणि सुनेचं केंद्र यांना पहिल्यापासून नकोय!"

खोलीत कुजबुज उठली. सून पांढरीफटक पडली. "मामंजी?"

"भाऊजी, माणूस बरोबर धरलात," मेहुणीबाई म्हणाल्या. "पण उलटा धरलात. मला सांगा, ज्याला यंत्र बिघडवायचंय तो सौरपट्टी पुसेल का? कुंपणावर धूळ आणि पट्टी मात्र आरशासारखी, तुम्ही तिच्यात भांग पाडलात! पडद्यावर बघा, प्रत्येक खोट्या पावसानंतर हिरवी रेघ वर चढलीय. कोणीतरी जाऊन पट्टी धुतंय. बॅटरीचं रडगाणं कोणी ऐकलं होतं? जेवायला बसलेल्या घरच्यांनी. आजोबा, धुऊन झाल्यावर उरलेल्या पाण्याचं काय करता?"

सासऱ्यांच्या मिश्या पहिल्यांदाच खाली आल्या. "फेकायचं कशाला? त्या नळकांड्यात पण धूळ बसते. तांब्याभर पाणी त्यात ओततो. काच आणि नळ्या साफ नसतील तर गाडी चालेल कशी?"

"त्या चिमुकल्या तोंडात तांब्याभर पाणी म्हणजे यंत्राच्या हिशेबी ढगफुटीच! आणि बाजाराचा दिवस का, तर टेकडी चढताना कोणी बघू नये म्हणून."

"बघितलं असतं तर हसले असते," सासरे पुटपुटले. "सगळ्यांदेखत नको म्हणालो होतो ना. पण पोर ताटावर रडली, मला घास गिळवेना."

खोली हास्याने दणाणली. साहेबसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. सून मात्र हसता हसता रडत होती. "मामंजी, मला नुसतं सांगायचंत! धुण्याआधी एक बटण बंद करायचं असतं."

तेवढ्यात एकदम सगळ्यांचे फोन वाजले. प्रत्येक खिशातून सुनेचाच आवाज आला, 'वर पाऊस आहे, होडी बंद करा.'

अख्ख्या गावाने सासऱ्यांकडे पाहिलं.

सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "मी इथे बसलोय!" मग ते उभे राहिले आणि स्टँडवर गाडी सुटताना ओरडावं तसे गरजले, "बघत काय बसलात? माझ्या सुनेचं यंत्र आहे ते! होडी ओढा!"

टेकडीवर काळे ढग उतरले होते. सगळे काठाकडे धावले. भाऊजीही दोराला लागले. साहेब त्यांच्या मागे, पायात बूट तसेच. होडी वर येऊन झाडाला बांधली, कुत्रं सुखरूप उतरलं, आणि वळणावरून गढूळ पाण्याचा लोंढा घोंघावत आला. जिथे होडी होती तिथे क्षणात पुरुषभर पाणी झालं.

मग बुटातलं पाणी ओतत साहेब म्हणाले, "बाई, यंत्र इथेच राहील."

गावाने केलेला जल्लोष पाण्याच्या आवाजातही पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल.

"आता आपण परत कसं जायचं?" भाऊजींनी विचारलं.

"जायचं नाहीच," सासरे म्हणाले. "आज सगळे आमच्याकडे जेवायला. सूनबाई, तू साहेबांशी बोलत बस. स्वयंपाकाचं मी बघतो."

आणि वाटेत केंद्रात राहिलेला आपला तांब्या उचलून ते घराकडे गेले.