राखणदाराकडे ठेवलेली झोप

हे घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. लोकांना पटवत बसायची माझी हौस केव्हाच फिटली.

यशोदा म्हणजे माझ्या आजीची सख्खी धाकटी बहीण. विरारच्या पूर्वेला चंदनसारला राहायची. आता तिथं इमारती झाल्यात, पण तेव्हा गाव संपलं की भातशेती आणि भातशेती संपली की थेट डोंगर. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि त्यासाठी डोंगरात जिथं तिथं कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या.

पौष महिन्यात यशोदा आणि तिचा नवरा दयाराम अशाच एका भट्टीवर कामाला गेले.

भट्टीचं काम म्हणजे नुसतं जागरण. लाकडं रचायची, वर पाला, पाल्यावर माती, आत विस्तव. मातीला भेग पडून वारा आत शिरला की सगळ्याची राख झालीच म्हणून समजा. म्हणून डोळा लागू द्यायचा नाही.

डोंगराच्या वाटेवर एका ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड होता. आत जाताना प्रत्येकानं ऐनाचं एक पान त्यावर ठेवायचं, आपलं नाव सांगायचं आणि "सांभाळ" म्हणायचं. परतताना पुन्हा नाव सांगून पान उचलायचं. तोवर माणूस राखणदाराच्या हवाली.

ही रीत कुणी चुकवत नसे.

काम संपलं तेव्हा दयाराम तापानं फणफणला होता. शुद्धच नव्हती त्याला. कोळसा स्टेशनावर नेणारा बोळिंजचा गाडीवान फर्डिनंड, त्यानं दयारामला उचलून पोत्यांवर आडवं केलं. यशोदा तर चालता चालताच पेंगत होती. दगडापाशी तिनं आपलं पान उचललं, आपलं नाव सांगितलं. मग दयारामचं पान उचललं...

आणि थांबली.

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? त्या काळी बायका मेल्या तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत.

"आन हे," ती पुटपुटली, आणि पान तिथंच टाकून गाडीत चढली. एरवी तिनं फर्डिनंडला नाव घ्यायला सांगितलं असतं. पण इतकी दमली होती बिचारी, की सुचलंच नाही.

उतारावर फर्डिनंड म्हणाला, "वैनी, गाडी हलकी कशी लागते?"

तिनं मागं पाहिलं. दयाराम तर होता.

घरी आल्यावर ताप उतरला. पण...

तो चालायचा, पाऊल वाजायचं नाही.

घटाघटा पाणी प्यायचा, माठ तसाच काठोकाठ.

ओल्या सारवणावरून गेला... ठसा उमटला नाही.

दिवस कलला की तो परसात जाऊन डोंगराकडं तोंड करून बसायचा. कुणी हाक मारली तरी मान वळवायचा नाही. दिवसेंदिवस झिजत चालला होता. हा माणूस आपल्या हातून जातोय, हे यशोदाला कळून चुकलं. देवऋषी झाला, वसईचा डॉक्टर झाला. काही उपयोग नाही.

एका दुपारी तिनं त्याला भात वाढला. तो ताटाकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला,

"तू मना घेऊन का नाय आली?"

समोर बसून विचारत होता. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून.

यशोदा तशीच उठली आणि डोंगर चढायला लागली.

फाल्गुन लागला होता. ऐनाला एक पान नव्हतं, सगळा डोंगर उघडाबोडका. आणि दगडावर...

एक पान. हिरवंगार.

तिनं स्वतःच्या हातानं टाकून दिलेलं.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "दयाराम. माजा दयाराम." पान ओढलं. निघेना. दगडातूनच उगवल्यासारखं घट्ट बसलं होतं.

रानकिडे करकरत होते, ते एकदम गप्प झाले.

मागं कुणीतरी खोकलं... म्हाताऱ्या माणसासारखं.

तिनं वळून बघितलं नाही. खरं सांगायचं तर घाबरायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती दगडापाशी मटकन बसली.

"बाबा, चुकलं माजं. पन त्याला सोड. बदल्यात द्याया माज्याकडं काय नाय. झोप हाय तेवडी, ती ठेवून घे."

पान सुटलं. अलगद हातात आलं.

ती घरी पोचली तर दयाराम ताट चाटूनपुसून बसलेला. "कुठं गेलती? पानी दे," म्हणाला. उठून अंगणात गेला, तेव्हा त्याची पावलं थपथप वाजली. यशोदा खांबाला धरून रडली.

त्या दिवसापासून ती झोपली नाही.

डुलकी नाही, पेंग नाही. पडून राहायची, डोळे छताला. पहिली वर्षं गावाला कौतुक वाटलं. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की यशोदाला बसवा रात्रभर. ती बसायची. स्वातंत्र्य आलं, मुलं मोठी झाली, तिचे डोळे मात्र खोल खोल जात राहिले. "दमले रे देवा," एवढंच म्हणायची. का झोपत नाही, ते तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

पण त्याला कुठून तरी कळलं असणार.

पुढं बऱ्याच वर्षांनी, असाच फाल्गुन. फर्डिनंड गाडी घेऊन उतरत होता, तर भर दुपारी दयाराम एकटाच वर चाललेला. हातात काही नाही.

"दयारामभाऊ, कुठं?"

"यशोदाची झोप आनाया," तो म्हणाला. हसला, आणि चालत राहिला.

त्याच दुपारी यशोदा तांदूळ निवडता निवडता सुपावरच कलंडली. घोरायला लागली. सुनेनं हलवलं, उठेना. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिनं डोळे उघडले. चेहरा ताजातवाना. छान आळस दिला तिनं... आणि हात तसेच वर राहिले.

आपण झोपलो होतो.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. चप्पल न घालता डोंगराकडं धावली. पाठोपाठ गाव गेलं. कुणी हाका मारल्या, कुणी ओढे धुंडाळले. दयाराम सापडला नाही. यशोदा दगडाला मिठी मारून म्हणत होती, "घे परत. मना नको ती झोप. घे." बोलता बोलता तिथंच तिचा डोळा लागला.

बाकीचे वरच्या अंगाला शोध घेऊन आले, तर तिच्या अंगावर गळ्यापर्यंत पाला पांघरलेला. ऐनाचा, ओला, हिरवा.

वर झाड उघडं होतं.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि रोज रात्री लहान पोरासारखी गाढ झोपली. आजी सांगायची, सकाळी उठली की मात्र ती आधी रडायची. "झोप लय गोड लागते गो," म्हणायची, "त्यानंच तर जीव जातो."

तो ऐन अजून आहे म्हणतात. मला विचाराल, तर मी त्या वाटेनं जात नाही.