मंगळवारचं कुलूप

"माणूस मरेल असं लिहिलंय, आणि तुम्ही मला चहा विचारताय?"

एवढं बोलून अक्षदा खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. कुंडलिककाकांच्या हातातली किटली तशीच हातात राहिली.

शहापूरच्या बाजारपेठेत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत हर्षाली विशेची कचेरी होती. खाजगी गुप्तहेर म्हणून पाटी लावलेली, पण कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, असली. काका वीज खात्यात तीस वर्षं खांबांवर चढून निवृत्त झाले होते आणि आता हर्षालीला मोटारसायकलवरून फिरवत होते. अकरा हजार व्होल्टच्या तारेला कधी न घाबरलेला हा गडी भुताखेतांचं नाव निघालं की गार पडायचा. बायकोलाही हे ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. बायकोला ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

हर्षालीने टेबलावरचा कागद उचलला. संगणकावर छापलेला, अक्षरं बोराएवढी ठसठशीत.

'तुमचं कुलूप काढा. नाहीतर एक जीव जाईल.'

"कधी मिळाला?"

"आज सकाळी. आटगावला आमच्या दाराखालून सरकवलेला होता."

मग अक्षदाने डोळे पुसत सगळं सांगितलं. तिने आणि तिचा भागीदार ज्ञानेश्वर याने दोन वर्षं खपून 'रानवाट' नावाचा संगणकावरचा खेळ केला होता. खेळणारा माहुली गडाच्या पायथ्याच्या जंगलातून चालत जातो आणि वाटेवर शेणव्याचे देवजीबाबा आपल्या आवाजात गोष्टी सांगतात. बाबांच्या गोष्टी ऐकायला माणसं चार गावांहून यायची. आवाज भरून झाला आणि चार महिन्यांत बाबा गेले. खेळ विकत घेणाऱ्याला किल्ली म्हणून आकड्यांची एक ओळ मिळायची, ती वर्षभर चालायची. किल्लीशिवाय खेळ उघडत नसे. हे कुलूप ज्ञानेश्वरने बनवलं होतं.

"तरी कोणीतरी ते तोडलं. मुरबाडात आमचा खेळ फुकट फिरतोय. आणि त्या चोरांनी त्यात काहीतरी भयंकर घातलंय." अक्षदाचा आवाज खाली आला. "शेणव्यात चार घरी खेळ सुरू करताना पडदा काळा होतो. डोळे नसलेला एक चेहरा येतो आणि देवजीबाबांच्या आवाजात ओरडतो, 'चोर! माझं मला दे!' दर वेळी मंगळवारी."

काकांनी किटली खाली ठेवली. उद्याच मंगळवार होता.

"आवाज बाबांचाच कशावरून?" हर्षालीने विचारलं.

"ते वाक्य मी स्वतः भरून घेतलंय. मडकं चोरीला गेलेल्या भुताच्या गोष्टीतलं आहे. पण ती गोष्ट आम्ही खेळात घेतलीच नाही. म्हणून तर मला झोप नाही, ताई. मेलेला माणूस..."

"भरताना कोण कोण होतं?"

"मी आणि ज्ञानेश्वर."

"आणि ही चार घरं? त्यांनी खेळ विकत घेतला होता?"

"चौघांनीही. पहिलं गिऱ्हाईक तर बाबांच्याच घरचं. चोर त्यांच्याही मशीनमध्ये शिरले असणार."

"आधी काय आलं? चेहरा की फुकट प्रती?"

अक्षदाने मोबाइलमधल्या तारखा पाहिल्या. "चेहऱ्याची पहिली तक्रार शिमग्याच्या आधीची. फुकट प्रत त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दिसली."

हर्षालीने दोन्ही तारखा टिपून घेतल्या.

"बाबांची बायको, गोदूआजी, तेव्हापासून वाळत चाललीय," अक्षदा म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून अन्नाला शिवत नाही म्हणे. मला भीती वाटते की तो जीव तिचाच. मी पोलिसांत जाते."

"उद्या दुपारपर्यंत थांबा. मग माझी ना नाही."

ज्ञानेश्वर आटगावच्या त्यांच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. चष्मा, वाढलेली दाढी, बोलणं ठाम.

"कुलूप नसतं तर एकाने तरी पैसे दिले असते का? इथे फुकट म्हटलं की सगळे रांगेत."

"तो चेहरा तुम्ही पाहिलात?"

"माझ्या लॅपटॉपवर कधीच आला नाही. ज्यांना दिसतो त्यांनी काहीतरी चोरी केली असेल."

"ती कशी करतात?"

"किल्ली वर्षाची असते ना? मग हुशार लोक संगणकाची तारीख मागे नेतात. म्हणजे वर्ष संपतच नाही. माझं कुलूप तारखेवर नजर ठेवतं."

"आणि तारीख मागे गेली की काय करतं?"

"अडवतं," ज्ञानेश्वर म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा तर स्वच्छच होता, असं काकांना वाटलं.

दुपारी दोघं मुरबाडला साईनाथच्या दुकानात पोचले. जुने संगणक दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. त्याने काही लपवलं नाही.

"व्हय, त्यो खेळ फुकट भरून देतो मी. साठेक जनांना दिला आसंल."

"त्यातल्या कुणाला चेहरा दिसला?"

"येकालाबी नाय. आनि सांगू का मॅडम? त्यातली आर्धी लोकं पैसे मोजून खेळ घेतलेली. ती म्हनतात, आमचा आडकतो, किल्ली मागतो, आमाला बिनकुलपाचा द्या. इकत घेनाऱ्याला ताप नि फुकट्याला आराम. मंग कोन इकत घेल?"

त्याने फुकटची प्रत सुरू करून दाखवली. काकांनी आधी दाराकडे सरकून घेतलं. चेहराबिहरा काही आला नाही. पडद्यावर अक्षरं मात्र मोठाली होती.

"ज्यानं कुलूप तोडलं त्यानं येवढा बदल केलाय," साईनाथ म्हणाला. "अक्षरं मोठी. आनि कुठलंबी बटन दाबा, बाबा बोलाय लागतात."

"तुमच्याकडे आली कुठून?"

"शेणव्याच्या गिऱ्हाइकाकडनं. चेहरा दिसतो म्हनतात ना, ती चारी मशीनं माझ्याकडनंच गेलीत. बंद पडलेल्या क्लासातली, पंधरा वर्सांची म्हातारी."

परतताना काका न राहवून म्हणाले, "बाय, शेणव्याला बुधवारी गेलो तर नाय चालनार?"

"मंगळवारीच जायचं, काका."

"नाय, मंगळवारी तिकडं लाईट पन नसते. तारांचं काम मंगळवारी काढायची आमची जुनी रीत हाय. सकाळी घालवायची, दुपारी सोडायची. फुकट खेप व्हायची."

शहापूर येईपर्यंत हर्षाली मागे बसून गुणगुणत होती आणि काकांना त्या गुणगुणण्याचीच जास्त भीती वाटत होती.

मंगळवारी दुपारी गोदूआजीच्या घरी सगळे जमले. हर्षालीने अक्षदालाही बोलावलं होतं आणि ज्ञानेश्वरलाही. आजी भिंतीशी खाटेवर बसली होती. अंगात नुसती हाडं राहिलेली. खाटेखाली पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली पदराच्या गाठीत. आजीची मूठ त्या गाठीवरून हलत नव्हती. मुलगी सोनाली ठाण्याच्या एका संगणकाच्या कंपनीत कामाला होती. आईसाठी तिने रजा टाकली होती.

"कालपास्नं पेज पन घशाखाली जात नाय," सोनाली म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आजार काय नाय. सलाइन लावू म्हटलं तर हात झटकते."

काकांनी घरभर नजर फिरवली. फळीवर गोळ्यांच्या पाकिटांना चिठ्ठ्या लावलेल्या: 'सकाळी', 'रात्री'. कोपऱ्यात संगणक, त्याच्या वर भिंतीला कागद: 'आई, हे बटण कधीच बंद करू नको.' सगळं छापलेलं, जाड भिंगाच्या चष्म्यालाही लांबून दिसेल असं.

"लाईट आली का?" हर्षालीने विचारलं.

"आत्ताच आली. नऊला गेली व्हती."

"मग संगणक लावा. विकत घेतलेला खेळ सुरू करा."

"नको गो!" आजी ओरडली. सोनालीचाही चेहरा उतरला. पण हर्षालीने स्वतःच बटण दाबलं.

पडदा उजळला. काकांची नजर मुद्दाम चेहऱ्याची जागा सोडून खाली कोपऱ्यात गेली. तिथे तारीख होती, १ जानेवारी २००९. काय हे येडं मशीन, असं त्यांच्या मनात येतंय तोवर हर्षालीने खेळ सुरू केला आणि पडदा काळा झाला. अंधारातून एक पांढरा, डोळे नसलेला चेहरा पुढे आला आणि घर दणाणलं.

"चोर! माझं मला दे!"

काकांची बोबडी वळली. भर दुपारी, सात माणसांएवढा घाम एकट्याला फुटला. अक्षदाने तोंडावर हात दाबला. आणि आजी दोन्ही कानांवर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणत होती, "देते हो, देते, नका आसं बोलू..."

हर्षालीने कोपऱ्यातली तारीख बदलून आजची केली. खेळ पुन्हा सुरू केला. रानातली पाखरं बोलली, आणि देवजीबाबांचा शांत आवाज आला, "बसा रे पोरांनो. वाट लांब हाय, गोष्ट पन लांब हाय."

आजीचे हात कानांवरून हळूहळू खाली आले.

"भूतबीत काही नाही," हर्षाली म्हणाली. "ही मशीनं म्हातारी आहेत. आत एक छोटा सेल असतो, वीज गेली तरी तारीख सांभाळणारा. तो संपलाय. वीज असली की तारीख टिकते, गेली की मशीन जुन्या काळात जाऊन बसतं. इथे नेट नाही, म्हणून तारीख आपोआप सुधारत नाही. आणि मंगळवारी वीज जाते, हे मला काकांनी सांगितलं."

"मी?" काका म्हणाले.

"तारीख मागे गेली, की कुलपाला वाटतं हा चोर. मग ते चेहरा दाखवतं. कोणी तारीख नीट लावून दिली, की पुढच्या मंगळवारपर्यंत सगळं ठीक. कुलूप विकत घेतलेल्या प्रतीलाच आहे, म्हणून चेहराही तिथेच. मुरबाडच्या साठ जणांना कुलूपच नाही, त्यांना कोण घाबरवणार? आणि चेहरा आधी आला, फुकट प्रत नंतर. म्हणजे तो प्रत काढणाऱ्याचा नव्हे. बाबांचं ते वाक्य फक्त दोघांकडे होतं. अक्षदा घाबरून माझ्याकडे आली. उरलं कोण?"

ज्ञानेश्वर खाली बघत होता. "खऱ्या चोरांना घाबरवायला घातलं होतं," तो म्हणाला. "हाताशी तेवढाच आवाज होता. तक्रारी आल्या तेव्हा वाटलं, खोटं बोलतायत. आजीचं कळल्यावर... मग सांगायचं धाडसच झालं नाही."

"आणि कुलूप तोडलं कोणी?" अक्षदाने विचारलं.

"ज्याने तोडलं त्याला अक्षरं मोठी हवी होती. एकच बटण हवं होतं. चोराला या गोष्टी कशाला लागतात? म्हाताऱ्या माणसासाठी कोणीतरी हे केलंय." हर्षालीने अक्षदाला आलेला कागद काढून भिंतीवरच्या कागदाशेजारी धरला. तीच बोराएवढी अक्षरं. "ही धमकी नव्हती, सोनाली. तू हात जोडत होतीस."

सोनालीचे डोळे भरून आले. "आई रोज दुपारी बाबांचा आवाज ऐकत बसायची. त्या दिवशी वीज आली नि बाबांनी तिला चोर म्हटलं. मी कुलूप तोडून नवी प्रत केली, पन ती मशीनजवळ येईचना. मी कितीबी सांगितलं, म्हणायची, तू माझी समजूत काढतेस. शेजारच्या तिघांना पन तेच होत व्हतं, म्हणून त्यांना दिली. तिथनं ती पसरली. ज्यांनी खेळ बनवला त्यांनीच येऊन सांगावं, तर आईला पटंल. पन नाव कसं सांगू? कुलूप तोडलं म्हणून केस झाली तर नोकरी जाईल, मग हिला कोण बघंल?"

"पण आमचं नुकसान झालं, त्याचं काय?" ज्ञानेश्वर पुटपुटला. "सगळेच असं करायला लागले तर पैसे कोण देणार?"

"मी दिलेच व्हते," सोनाली म्हणाली. "पहिली किल्ली माझ्याच नावावर हाय."

अक्षदा उठली आणि आजीच्या खाटेशी खाली बसली.

"आजी, तुम्हाला चोर म्हणणारे बाबा नव्हते. आम्ही होतो. चुकलं आमचं."

आजीने मान वर केली. "मंग काठी त्यांनी नाय मागितली?"

"कुठली काठी?"

"घुंगराची. ती आपटून गोष्ट सांगायचे. मरताना म्हनाले, माझ्यासंगं गोष्टी शिकला त्या नथूला दे, माझ्या मागं तो सांगंल. मी नाय दिली. त्यांच्या हाताचा घाम हाय तिला. पेटीत कुलपात ठेवली. मला वाटलं, वरनं तीच मागतात."

संगणकावर बाबांची गोष्ट चालूच होती, वाघ आणि म्हातारीची. अक्षदाने सोनालीकडे हात पुढे केला. "तुझी प्रत दे. आजपासून आमची खरी प्रत तीच. ज्यांना पैसे द्यायचे ते देतील." ज्ञानेश्वरने मान हलवली. मनापासून नसेल, पण हलवली.

आजीने पदराची गाठ सोडायला घेतली. वेळ लागला, पण तिने कोणाला मदत करू दिली नाही.

"त्यांनी मागितली नाय तरी द्यायची व्हती," ती म्हणाली आणि किल्ली सोनालीच्या हातावर ठेवली. "घे गो. कुलूप काढ. नथूच्या घरी पोचव."

पेटी उघडली. आतून घुंगरं वाजली आणि काका पुन्हा दचकलेच.

"आनि आदी पेज आन," आजी म्हणाली. "भूक लागलीय."