पडद्याआडचे हात

तिला फसवलं गेलं. जिनं उभ्या आयुष्यात अंगावरचा पदर ढळू दिला नाही, तिला विश्वासानं आडोशाला बोलावलं, आणि तिथं जे केलं ते करताना तिच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही. ज्यानं कुणी हे केलं त्याला नाव नाही, छातीवर बिल्ला नाही, आता तर चेहराही नाही. पण हात होते. आणि ते हात अजून थांबलेले नाहीत.

दिव्याची वात जरा वर करा आणि ऐका. सुरुवात अगदी साधी होती.

झरी गावाच्या अलीकडं ओढ्याकाठी बिरदेव धनगराचं पत्र्याचं घर आहे. त्याचा थोरला सुरज दूरच्या एका मोठ्या शहरात नोकरीला. त्याला मुलगी झाली, आणि आजीनं पणतीचं तोंड बघावं म्हणून त्यानं विमानाची तिकिटं पाठवली. आजीसोबत गेली बबिता, सुरजची धाकटी बहीण. परभणीला कायद्याच्या कॉलेजात शिकणारी, कंडक्टरनं सुटे दिले नाहीत तरी भांडायला उठणारी पोरगी.

आजी म्हणजे बिरदेवची आई बानूबाई. मागं एकदा पळालेल्या मेंढीच्या पाठी लागून ती बांधावरून पडली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. परभणीच्या डॉक्टरांनी आत पोलादी सळई बसवली. तेव्हापासून रोज सांजेला करडीचं तेल कोमट करून बबिता तो पाय चोळायची. दुसऱ्या कुणाला, अगदी पोटच्या लेकालाही, बानूबाईनं कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा पट्टी बदलायला आला की ती आधी बबिताला हाक मारायची.

जाताना विमानतळावर काहीच झालं नाही. तपासणीचं यंत्र मांडीपाशी वाजलं, बबितानं ऑपरेशनचा कागद दाखवला, वर्दीतल्या बाईनं हसून सोडलं. येतानाही यंत्र वाजलं. पण या वेळी कागद कुणी बघेना. कोपऱ्यात करड्या पडद्याची एक अरुंद जागा होती. तिथून आवाज आला.

“माताजी, इधर.”

बानूबाईनं नातीचं मनगट घट्ट धरलं. “बबे, तू बी चल.”

“अकेले,” पडद्याआडून आवाज आला.

आवाज बाईचा होता. कुठंतरी ऐकल्यासारखाही होता. पण मागून रांग रेटत होती, ट्रे पुढं सरकत होते, कुणीतरी वैतागून जीभ चुकचुकवत होतं.

“जा आज्जे. बाईच हाय. मी हितंच हाय, हालत न्हाई.”

पडदा पडला. खाली वीतभर फट होती, त्यातून आजीची भेगाळलेली अनवाणी पावलं दिसत होती. समोर दुसरी पावलं दिसायला हवी होती. ती दिसली का, हे बबिताला नीट सांगता येत नाही. तिच्या लक्षात राहिला तो वास. फिनेल आणि अत्तरांच्या त्या गार हवेत कुठून तरी कोमट तेलाचा वास आला. तिला वाटलं, आपल्याच हातांना येत असेल.

बानूबाई बाहेर आली तेव्हा तिनं लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या. बबिताकडं न बघता ती तिच्या शेजारून गेली. विमानात तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच सांजेला बबिता तेलाची वाटी घेऊन बाजेपाशी गेली, तर म्हातारीनं पाय पोटाशी ओढून घेतला.

“हात लावू नगंस.”

“आज्जे, काय झालं? काय केलं त्यांनी?”

म्हातारीनं घोंगडं पायावर ओढून घेतलं. त्या दिवसापासून शेजारच्या रानातली कडूबाई पाय चोळायला यायला लागली. कडूबाई बोलकी बाई. “इमानात बसून आल्यापासून लय भाव खायलीय तुझी आजी,” ती बबिताला म्हणायची. “आमच्यासारख्याचं खरबुडं हात लागत्यात तिला आता.” बबिता हसायची नाही. आतल्या खोलीत बसून ती दोघींच्या बारीक आवाजातल्या गप्पा ऐकायची.

तिनं विमानतळाकडं तक्रार केली. नियम तिला पाठ होते. बाईची तपासणी बाईनं करावी, आडोशाला करावी, सन्मानानं करावी. सन्मान हा शब्द छापायला कुणाचं काय जातं? पडदा पडला की आत म्हातारी एकटी असते, आणि बाहेरच्या सगळ्यांना घाई असते. तुम्हाला असते, मला असते. बबितालाही होती. हे तिला सगळ्यात जास्त टोचत होतं.

मग मेंढ्यांचं सुरू झालं.

दिवस मावळताना मेंढ्या जाळीच्या वाड्यात कोंडायच्या, तेव्हा बानूबाई वाड्याच्या तोंडाशी बसायची. एकेक मेंढी तिच्या हाताखालून आत जायची. गाभण कोण, कुणाची कास सुजली, कुणाच्या लोकरीत काटा रुतलाय, सगळं तिच्या बोटांना कळायचं. त्या सांजेला पहिलीच मेंढी थरथरत आली. बानूबाईनं तिच्या पोटाखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“हिला कुणीतरी आधीच चाचपलंय.”

बिरदेव हसला. “कोण चाचपतंय, माय? मी तर हितं हुबा हाय.”

“त्येच इचारायलेय… कोण?”

बबितानं मोबाईलचा उजेड टाकला. मेंढीच्या दोन्ही बगलांतून खाली, पोटावरून पार मांडीपर्यंत, लोकर दाबून बसली होती. तेलकट तळव्यांनी चापून बसवावी तशी. मागच्या मेंढीचीही तशीच. तिच्या मागचीचीही. हवेत करडीच्या तेलाचा वास होता, आणि घरात त्या दिवशी कुणीच तेल तापवलं नव्हतं. कळपातली एकही मेंढी ओरडत नव्हती. पिल्लंसुद्धा गप्प. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मग सगळ्या माना हळूहळू वळल्या आणि बबिताकडं बघत राहिल्या. बिरदेवचं कुत्रं, जे रोज तिच्या पायांत घोटाळायचं, शेपूट घालून बाजेखाली शिरलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारीचं उत्तर आलं. फोनवर एक बाई होती, गोड आणि गार आवाजाची.

“मॅडम, तुम्ही म्हणता ती जागा त्या दिवशी बंद होती. पडदा नुसता अडकवलेला होता. आमचं तिथं कुणीच नव्हतं.”

“कुणी नव्हतं? मग माझ्या आजीला आत कुणी बोलावलं?”

पलीकडं कीबोर्डची खडखड झाली. मग ती बाई जरा चाचरत म्हणाली, “मॅडम… कॅमेऱ्यात दिसतंय ना. त्यांना हाताला धरून आत तुम्हीच घेऊन गेलात.”

“खोटं बोलताय तुम्ही!” बबिता ओरडली. फोन तिनं बाजेवर फेकला. आधी अपमान करायचा, मग पुरावा फिरवायचा, मग तक्रार करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवायचं! संतापानं तिला नीट दिसेना. ती तशीच आजीसमोर जाऊन उभी राहिली.

“आज्जे, ते आता माझ्यावरच ढकलायलेत. तू एकदा सांग आत कोण व्हतं. मी त्यायला सोडत न्हाई.”

बानूबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“कशाला नाटक करायलीस, बबे…”

“कसलं नाटक?”

“तूच व्हतीस की आत.”

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. पत्रा तापून कडकड वाजत होता. 

“मी भाईर व्हते, आज्जे. तुला शब्द दिला व्हता. मी हालले न्हाई.”

“तोंड न्हाई बघितलं म्या. बघू वाटंना. पर हात?” म्हातारीचा आवाज फाटला. “रोज माझा पाय चोळणारे हात मी वळखायची न्हाई व्हय? वास बी त्योच. म्या म्हणलं, बबे नगं… लोकं हायती भाईर. तू म्हणलीस, गप. लुगडं सोड म्हणलीस… मी सोडलं. तू म्हणलीस म्हणून सोडलं गं.”

बबितानं आपले तळवे उलटे करून बघितले. ती ज्या हातांविरुद्ध लढत होती ते तिचेच म्हणून आजीच्या अंगावर फिरले होते. आजीला आता जगात कुणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि त्याचं कारण आजीच्या लेखी एकच होतं. बबिता.

“मी भंडारा उचलते,” ती म्हणाली. “बिरोबाचा. तुझ्या म्होरं उचलते. मग तर खरं धरशील?”

धनगराच्या घरात यापुढं शब्द नाही. देवाची हळद मुठीत धरून कुणी खोटं बोलत नाही. बानूबाईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वळवली.

“उचल. खोटी निघालीस तर माझ्या मयताला बी हात लावायचा न्हाई.”

“अन् खरी निघाले तर?”

म्हातारीनं तिच्या हातांकडं बघितलं. 

“…तर पाय चोळ. लय ठणकायलाय.”

बिरोबाचं ठाणं ओढ्यापलीकडच्या माळावर. बबिता त्याच दुपारी निघाली. पुजाऱ्यानं पळसाच्या पानात भंडारा बांधून दिला. येताना ती जवळजवळ पळतच होती. ऊन कलंडलं होतं, ज्वारीच्या ताटांवर पिवळा उजेड होता. तेल तापवायचं, दारात बसून सगळ्यांदेखत शपथ घ्यायची, मग तो दुखरा पाय मांडीवर घ्यायचा. अंगणात शिरताना ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

बाज रिकामी होती. घोंगडं जमिनीवर ओढल्यासारखं पडलं होतं. काठी भिंतीला तशीच टेकलेली. काठीशिवाय बानूबाई मोरीपर्यंतसुद्धा जात नसे.

“आज्जे?”

घरात नाही. मागं नाही. वाड्यापाशी मेंढ्या एकमेकींत अंग दडवून उभ्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला पाठ करून.

“आज्जे!”

बांधावर हरभऱ्याची भाजी खुडत बसलेली कडूबाई उठून उभी राहिली. तिनं बबिताकडं बघितलं, मग उसाच्या फडाकडं बघितलं, मग पुन्हा बबिताकडं. तिच्या ओट्यातली भाजी खाली सांडली.

“असं काय करायलीस गं, बबे?” ती हळूच म्हणाली. “आत्ताच तर तू तिला हाताला धरून उसात नेलीस… म्हातारी पाय रवून मागं वढायलती, अन् तू आपली हसायलतीस.”